स्लॅकर कोणाला म्हणायचं आणि कोणाला नाही

चोपड्याकडचं एक पोरगं, माझ्याच क्लासचं, पुण्यात नोकरीला लागलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याने टीमच्या ग्रुपवर इंग्रजीत टाकून दिलं, ‘आय ॲम आल्सो अ स्लॅकर नाऊ’. झालं असं की त्यांच्या ऑफिसात सगळी बोलाचाली स्लॅक नावाच्या ॲपवर चालते, याचं खातं त्या दिवशी चालू झालं, आणि याने डोकं लावलं की क्रिकेट खेळतो तो क्रिकेटर, ब्लॉग लिहितो तो ब्लॉगर, मग स्लॅक वापरतो तो स्लॅकर. लॉजिक तर बरोबरच आहे ना. ग्रुपवर हसण्याचे इमोजी पडले धडाधड, याला वाटलं स्वागत झालं. रात्री मला फोन, ‘सर, मी काही उलटंसुलटं लिहेल आहे का, सकाळपासून सगळे हसून राहिले, मॅनेजर म्हणे चला निदान खरं तरी बोलला.’

मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवल्यावर वाटलं की चूक त्याची कमी आणि आमची मास्तर लोकांची जास्त, कारण हा शब्द आम्ही कधी धड सांगितलेलाच नाही, डिक्शनरीत ‘आळशी, कामचुकार’ एवढं लिहिलेलं असतं, ते पाठ करायचं आणि पुढे जायचं. मी अमळनेरला इंग्रजी बोलायचे क्लास घेतो. अमळनेर म्हणजे तेच, जिथे १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली (त्या पोराची कंपनी वेगळी, गैरसमज नको). तेलाच्या डब्यापासून कंपनी आयटीत गेली आणि आता आमची पोरं पण चाललीत, मग त्यांना ऑफिसातली रोजची इंग्रजी यायला पाहिजे. तर नवीन लोकांसाठी एकेक पायरी करून सांगतो, घाई करू नका.

पायरी १: आधी दोर बघा, माणूस नंतर

स्लॅकर मधला ‘अर’ काढा, उरतो स्लॅक. स्लॅक म्हणजे ढिला, सैल. दोर ताणलेला नसला की तो स्लॅक. संक्रांतीला धुळ्यात नंदुरबारात गच्चीवर पोरं ‘ढील दे, ढील दे’ करून घसा फोडतात ना, तो ढील म्हणजे इंग्रजीतला स्लॅक, अगदी तोच, याच्यापेक्षा चांगलं भाषांतर मला आजपर्यंत सापडलेलं नाही. नाम म्हणून पण चालतं, विशेषण म्हणून पण.

हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे, आणि लॅटिनमधला ‘लॅक्सस’ म्हणजे सैल हा त्याच्या भाऊबंदातला. रिलॅक्स हा शब्द त्या लॅक्ससच्या घरातूनच आला. म्हणजे बॉस तुम्हाला ‘रिलॅक्स’ म्हणाला काय आणि ‘यू आर गेटिंग स्लॅक’ म्हणाला काय, खानदान एकच, फक्त पहिल्यात तो चहा पाजतो आणि दुसऱ्यात नाही.

तर स्लॅकर म्हणजे दोर ढिला ठेवणारा. हे चित्र डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं आहे.

पायरी २: मग जू बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे थोडा वेळ घालवू. स्लॅकर आणि आळशी (आमच्याकडे अहिराणीत ‘आयशी’) एक नाहीत.

आमचे आबा बैल घ्यायला गुरांच्या बाजारात जायचे तेव्हा मला सोबत न्यायचे. ते म्हणायचे, वाईट बैल दोन प्रकारचा. एक बशा बैल, जुंपला की बसतो, शेपूट पिळा, ओरडा, बसलेलाच, पण तो बिचारा उघड असतो, गिऱ्हाईकाला लगेच कळतो आणि भाव पण तसाच येतो. दुसरा मोठा बेरकी. तो बसत नाही, चालतो, मान हलवतो, घुंगरं वाजवतो, बांधावरून बघणाऱ्याला वाटतं काय झकास जोडी आहे. आबा मात्र बैलाकडे बघायचेच नाहीत, जूकडे बघायचे. जू एका अंगाने मागे राहिलं की समजायचं, त्या अंगाचा बैल नुसता सोबत चालतोय आणि ओढतोय तो दुसराच. ‘हा खातो दोघाचं अन ओढतो अर्ध्याचं,’ असं म्हणून आबा पुढे निघायचे.

स्लॅकर म्हणजे हा दुसरा बैल. मराठीत याला चांगला शब्द आहे, अंगचोर. कामचुकार पण जवळ जातो, पण अंगचोर मधे ती ‘ताकद आहे पण लावत नाही’ वाली गोष्ट येते, म्हणून मला तो जास्त आवडतो, दुर्दैवाने नवीन पोरं तो वापरतच नाहीत.

म्हणून कोणाला स्लॅकर म्हणण्याआधी मनात तीन गोष्टी विचारा. त्याच्यात ताकद आहे का? काम त्याच्या वाट्याचं आहे का? आणि तरी तो दोर ढिला ठेवतो का? तिन्हीला हो असेल तरच. म्हातारा बैल स्लॅकर नाही, आजारी बैल नाही, आणि पहिल्यांदा जुंपलेला गोऱ्हा तर अजिबातच नाही, त्याला अजून ओढायचंच माहीत नाही. ऑफिसात नवीन लागलेला माणूस हा गोऱ्हा असतो हे बऱ्याच टीम लीडना कळत नाही पण ते जाऊ द्या.

एक उदाहरण जे क्लासमधे नेहमी भांडण लावतं. चार वर्षं एमपीएससी करणारा पोरगा, गल्लीतले सगळे म्हणतात खायला काळ आणि भुईला भार. तो स्लॅकर आहे का? सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन खरंच वाचत असेल तर नाही, पास होवो ना होवो, बेकार आणि स्लॅकर यांचा काही संबंध नाही. पण खुर्चीवर वही ठेवून सीट धरायची, दिवसभर रील बघायच्या, दर तासाला चहाला खाली उतरायचं आणि घरी फोनवर ‘आई, डोळे दुखायला लागले वाचून’, तर हो, हा आहे.

अजून एक, उलटं. आखाजीला सालदार ठरतो, वर्षभराचं काम असतं. आता भर पावसात झड लागली, शेतात पायच टाकता येत नाही, सालदार गोठ्यात बसून बिडी ओढतोय. तो स्लॅकर नाही. तिथे माणूस ढिला नाही, कामच ढिलं आहे. इंग्रजीत त्या दिवसांना ‘स्लॅक सीझन’ किंवा ‘स्लॅक पिरियड’ म्हणतात, त्यात कोणाला शिवी नाही.

पायरी ३: तोंडात बसवा

उच्चार स्लॅकर. आमच्या खानदेशात इस्टेशन, इस्कूल चालतं तसं ‘इस्लॅकर’ होतं, ते टाळायचं असेल तर स थोडा लांबवा, सापासारखा, स्स्स्लॅकर, दहा वेळा म्हटलं की होतं. ‘स्लेकर’ पण म्हणू नका, ॲ आहे तो, बॅटमधला. स्पेलिंग एस एल ए सी के ई आर.

व्याकरणात एकच खड्डा आहे पण खोल आहे. ‘ही इज अ स्लॅकर’ म्हणजे तो अंगचोर आहे. पण त्यातला छोटा ‘अ’ खाल्ला आणि ‘स्लॅकर दॅन’ केलं तर तो वेगळाच शब्द होतो, ‘धिस रोप इज स्लॅकर दॅन दॅट वन’, म्हणजे हा दोर त्याच्यापेक्षा जास्त ढिला आहे. टॉलर, शॉर्टर तसं स्लॅकर. आपण लोक ‘अ’ आणि ‘द’ खाण्यात पटाईत आहोत म्हणून मुद्दाम सांगतो.

क्रियापद करायचं तर ‘स्लॅक ऑफ’. ‘आय वॉज स्लॅकिंग ऑफ यस्टरडे’, म्हणजे काल मी टंगळमंगळ केली. बघा आता फरक, काल टंगळमंगळ केली ही एका दिवसाची गोष्ट झाली, आणि स्लॅकर म्हटलं की तो शिक्का झाला, कपाळावर. शक्यतो क्रियापद वापरा, शिक्का मारू नका, निदान पहिली सहा महिने तरी.

आणि स्लॅक्स म्हणजे पँट. ढगळी असायची म्हणून ते नाव. कोणी ‘ग्रे स्लॅक्स’ म्हणालं तर ते कपड्याबद्दल आहे, कोणाच्या आळसाबद्दल नाही.

पायरी ४: शब्दाचं वजन काट्यावर ठेवून बघा

आज हा शब्द हलकाफुलका वाटतो, मित्र मित्राला म्हणतो. पण एकेकाळी या शब्दावर माणसं पकडली जात होती. कामचुकार या अर्थाने तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी दिसायला लागतो, आणि मग आलं पहिलं महायुद्ध. अमेरिका १९१७ मधे युद्धात उतरली, सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला, आणि जो पोरगा भरतीपासून पळतो त्याला स्लॅकर म्हणायला लागले. नुसतं म्हणून थांबले नाहीत. १९१८ मधे शहराशहरात ‘स्लॅकर रेड’ म्हणजे धाडी पडल्या, सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधे तर रस्त्यावर, स्टेशनवर, थेटराबाहेर पोरांना अडवून भरतीच्या नोंदणीचं कार्ड मागायचे, कार्ड खिशात नसलं की चल आत. हजारो लोक असे धरले आणि त्यातल्या बहुतेकांचा काहीच दोष निघाला नाही, कार्ड घरी राहिलं होतं एवढंच. यावरून तिथे आरडाओरडा पण बराच झाला.

आपल्याकडे कसं, एखाद्याला गद्दार म्हटलं की वातावरण बदलतं, तसं त्या दोन वर्षांत स्लॅकरचं होतं. नंतर युद्ध संपलं, वजन उतरत गेलं, आणि १९९० च्या दशकात तर तिकडच्या तरुण पिढीला सरसकट स्लॅकर म्हणायची फॅशन आली, शिकलेली पण करिअरच्या मागे न धावणारी, कॉफी पीत बसणारी पोरं, आणि त्यातली कित्येक स्वतःच हसत हसत म्हणायची की हो आहोत आम्ही. आजचा अर्थ या मऊ झालेल्या अर्थाच्या जवळ आहे. पण तळाला तो जुना कडवटपणा थोडा शिल्लक आहे, चुकीच्या माणसाने म्हटलं की लगेच वर येतो.

पायरी ५: कोण कोणाला म्हणतो ते बघा

मराठीत आपण तू आणि तुम्ही मधे आदर ठेवतो, इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’, म्हणून पोरांना वाटतं तिथे सगळं चालतं. चालत नाही भो. तिथे आदर शब्दाच्या निवडीत असतो.

स्वतःला म्हणा, बिनधास्त. ‘आय वॉज अ टोटल स्लॅकर इन कॉलेज’ हे वाक्य इंटरव्ह्यूनंतर चहावर गोड वाटतं (इंटरव्ह्यूमधे नाही, इंटरव्ह्यूमधे नाही, दोनदा लिहिलं). बरोबरीच्या मित्राला म्हणा. तुमच्या हाताखालच्या माणसाला म्हणू नका, त्याला ते लागतं. वरच्याला तर प्रश्नच नाही. टपरीवर दोस्ताला ‘चल रे कामचोर’ म्हणता ना, तेच घरी नानांना म्हणून बघा, मग कळेल.

आणि लिहून कोणालाच नको. बोलताना आवाजात हसू असतं, ईमेलमधे ते जात नाही, आणि ईमेल राहतं.

पायरी ६: भाऊबंद ओळखा

स्लॅकर एकटा नाही, मोठी भावकी आहे, पण सगळे पाठ करायची गरज नाही.

ब्रिटिश लोकांचा लाडका शब्द ‘स्कायव्हर’, आणि त्याचं क्रियापद ‘स्काइव्ह ऑफ’. हे म्हणजे आपली दांडी, बुट्टी. फरक एवढाच की स्लॅकर ऑफिसात बसून काम करत नाही आणि स्कायव्हर ऑफिसात येतच नाही. हा शब्द पण पहिल्या महायुद्धाच्या आसपास तिकडच्या सैनिकांच्या बोलण्यातून आलाय, म्हणजे बघा, काम टाळायचे शब्द सैन्यात पण तयार झाले.

ऑस्ट्रेलियात ‘ब्लजर’. हा कडू आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, फुकट्या, ऐतखाऊ, आयत्या बिळावरचा नागोबा. त्याचा जुना अर्थ फार घाण होता, बाईच्या कमाईवर जगणारा दलाल, म्हणून मेलबर्नच्या क्लायंटसमोर हा शब्द हुशारी दाखवायला काढू नका.

‘शर्कर’ थोडा पुस्तकी आणि जास्त कडक, ठरलेली जबाबदारी टाळणारा. ‘मॅलिंगरर’ म्हणजे आजारपणाचं सोंग करणारा, हा डॉक्टर आणि वकील लोक वापरतात, कोणाच्या मेडिकल लीव्हवर तुम्ही हा शब्द टाकला तर प्रकरण एचआरकडे जाईल.

आणि लोफर. इथे सगळे फसतात. आपल्याकडे लोफर म्हणजे मवाली, कॉलेजच्या गेटवर उभा राहून शिट्ट्या मारणारा. इंग्रजीत लोफर म्हणजे नुसता रिकामटेकडा, इकडे तिकडे रेंगाळणारा, बस. नाहीतर बूट, बिनलेसचे. म्हणजे आपण शब्द घेतला आणि त्यात मिरची आपल्या भरताएवढी घातली.

एक नवीन पण सांगतो कारण २०२२ पासून फार ऐकू येतो, ‘क्वाएट क्विटिंग’. राजीनामा न देता फक्त जेवढं कामाच्या कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं, सहा वाजले की लॅपटॉप बंद. मॅनेजर लोक याला स्लॅकिंग म्हणतात. माझ्या मते हे चूक आहे, आबांच्या काट्यावर लावून बघा, बैल ठरलेलं पूर्ण ओढतोय, फक्त रात्रीचं फुकट ओढायला नाही म्हणतोय.

पायरी ७: ऑफिसात याच्याऐवजी काय म्हणायचं

काम राहिलं तर ‘आय ॲम रनिंग बिहाइंड ऑन धिस’ लिहा. टीममधला एकजण करत नसेल तर त्याच्यावर शिक्का न मारता कामाबद्दल बोला, ‘धिस पार्ट इज स्टिल पेंडिंग फ्रॉम हिज साइड’. सगळ्यांना कळतं कोण ते.

स्लॅक शब्दाचे दोन वाक्प्रचार मात्र जरूर वापरा, दोन्ही चांगल्या अर्थाचे आहेत. ‘कट मी सम स्लॅक’ म्हणजे जरा सांभाळून घ्या, दोर जरा ढिला सोडा माझ्यासाठी, नवीन आहे मी. हे मित्राला, सीनियरला चालतं, मोठ्या साहेबाला जरा सलगीचं वाटेल. दुसरा ‘पिक अप द स्लॅक’, कोणीतरी दोर ढिला सोडलाय आणि तुम्ही तो ओढून धरता, म्हणजे दुसऱ्याचं राहिलेलं काम उचलता. भुसावळचा एक पोरगा मला सांगत होता की त्याच्या टीममधे एकजण सुट्टीवर गेला, एकजण सोडून गेला, आणि तीन महिने दोघांचं काम यानेच केलं, पण अप्रेझलच्या वेळी ‘सर आय डिड हिज वर्क आल्सो’ असं काहीतरी बोलला आणि ते तक्रारीसारखं वाटलं. ‘आय पिक्ड अप द स्लॅक फॉर थ्री मंथ्स’ एवढं म्हटला असता तर समोरच्याला जू दिसलं असतं. पगारवाढ झाली असती का ते मी सांगू शकत नाही, पण वाक्य तरी नीट गेलं असतं.

पायरी ८: सराव

खाली तीन प्रसंग, आधी स्वतः ठरवा मग उत्तर वाचा, वही काढा.

सावद्याला केळीचा ट्रक भरायचाय, सहा जण आहेत, पाच घड उचलतायत आणि सहावा दर घडामागे थांबून कोणाला तरी फोन लावतो, ‘जिभाऊ, गाडी कुठे आली.’ गाडी समोरच उभी आहे. हा स्लॅकर, पाठ्यपुस्तकात छापावा असा.

दुसरा, जळगावच्या एका कॉलेजातला पोरगा सकाळच्या लेक्चरला कधीच नसतो, तेव्हा तो कॅन्टीनला शेव चघळत बसलेला असतो, प्रॅक्टिकलला मात्र हजर आणि हात चांगला चालतो. याला ‘स्कायव्हर’ म्हणा, ‘ही स्काइव्ह्ज ऑफ लेक्चर्स’. स्लॅकर म्हटलं तरी चूक नाही पण ढगळ होईल, स्लॅक्ससारखं.

तिसरा तोच आमचा चोपड्याचा. त्याला लिहायचं होतं की मी पण आता स्लॅकवर आलोय. ते ॲप मुळात एका गेम बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या कामासाठी बनवलं होतं, २०१३-१४ मधे बाहेरच्या लोकांना दिलं, आणि नावाचा फुलफॉर्म पण जोडून दिला, सर्चेबल लॉग ऑफ ऑल कॉन्व्हर्सेशन अँड नॉलेज, म्हणजे सगळं बोलणं शोधता येईल अशी वही. त्यामुळे त्याचा तो मेसेज अजून पण शोधला तर सापडतो, आणि टीमवाले दर वाढदिवसाला शोधतात. बरोबर वाक्य असं, ‘आय ॲम आल्सो ऑन स्लॅक नाऊ’. ‘अ’ च्या जागी ‘ऑन’ आणि शेवटचा ‘अर’ गायब, एवढाच खेळ होता.